पांढऱ्या कापडाची सकाळ

मेलेआने : नीट बघ ना रे. कापड खिडकीपाशी धर, उजेडात.

सेमिसी : तीनदा बघितलं. आईशप्पथ, रक्ताचा एक थेंब नाही. पांढरंफटक आहे.

मेलेआने : बाहेर कोण कोण बसलंय?

सेमिसी : फालाकिका आत्या, तिच्या दोघी जावा, पाद्र्याची बायको. डुक्कर भाजून तयार आहे. आत्याच्या हातात लाल डागाचं कापड पडलं की कापड आणि डुक्कर दोन्ही तुझ्या आईकडे.

मेलेआने : आणि पांढरंच पडलं तर?

सेमिसी : डुक्कर आपणच खायचं.

मेलेआने : हसतोस काय मेल्या! आई पहाटेपासून दारात चटई टाकून बसली असेल. लुसियाच्या लग्नानंतर तिच्या आईकडे डुक्कर गेलं नव्हतं, ती अजून चर्चमध्ये मागच्या बाकावर बसते. मला भीती वाटतेय, सेमिसी.

सेमिसी : पण काल कौमार्य हरवलं ना तुझं?

मेलेआने : मला काय विचारतोस? तू होतास ना तिथे? एकोणतीस वर्षं सांभाळलं, आणि गेलं तर काही कमी झाल्यासारखंही वाटत नाही. धक्क्यावर छत्री हरवली होती, तर बोट सुटायच्या आत कळलं होतं मला.

सेमिसी : कंबर धरलीय म्हणालीस.

मेलेआने : ती काल लग्नात दिवसभर मांडी घालून बसले म्हणून. बरं, एकाचं हरवलं की दुसऱ्याला सापडतं. तुला काही सापडलं?

सेमिसी : मला? नाही बाई.

मेलेआने : मग तुझी आत्या शोधतेय काय? आणि तुझंही हरवलंच ना काल?

सेमिसी : माझं... माझं आधीच.

मेलेआने : कुठे?

सेमिसी : ऑस्ट्रेलियात. टोमॅटो तोडायला गेलो होतो ना, तेव्हा. चार वर्षं झाली.

मेलेआने : तिथे कुणी कापड मागितलं?

सेमिसी : छे! पोरांनी बिअर पाजली.

मेलेआने : वा रे वा! तुझं हरवलं तर बिअर, आणि माझ्या हरवण्याचा पुरावा नाही म्हणून माझ्या आईने मागच्या बाकावर बसायचं!

सेमिसी : हळू बोल.

मेलेआने : सात वर्षं नर्स आहे मी. रक्त येतंच असं नाही, हे कितीजणींना सांगितलंय. जा, सांग तुझ्या आत्याला.

सेमिसी : आत्याला? तिच्यासमोर माझा बापसुद्धा मान वर करत नाही.

फालाकिका आत्या (दाराबाहेरून) : सेमिसी! ऊन वर आलं रे!

सेमिसी : आलो आत्या, पाचच मिनिटं! ...हे बघ, दाढीचं पातं आहे. माझं बोट कापतो. दोन थेंब, कुणाला कळतंय?

मेलेआने : खरंच करशील?

सेमिसी : करतो की.

मेलेआने : देवमाणूस आहेस रे. उगाच ओरडले तुझ्यावर.

सेमिसी : फक्त एक विचारू? रागावू नकोस.

मेलेआने : विचार ना.

सेमिसी : तुमच्या दवाखान्यात तो फिजीचा डॉक्टर होता... तसं काही नव्हतं ना? असलं तरी चालेल गं मला. फक्त माहीत असू दे.

मेलेआने : पातं इकडे दे.

सेमिसी : अगं, मी कापतो म्हणालो ना!

मेलेआने : तुझं नको. माझंच बरं. ...हं. घे, झालं लाल. वाळायच्या आत ने.

सेमिसी : मी सहज विचारलं गं.

मेलेआने : हो, कळलं. आईला निरोप दे, म्हणावं गरम आहे तोवर खा.

सेमिसी : आणि तू? येत नाहीस बाहेर?

मेलेआने : तू हो पुढे. मगाशी काही कमी झाल्यासारखं वाटत नव्हतं. आता वाटतंय.