झोपाळ्यावरून दिसतं तेवढं

अहो शिडीवरचे भाऊ, तो कॅमेरा थोडा डावीकडे घ्या ना — त्या गुलमोहराकडे. काय बिघडतंय? मांडवीच्या दुकानातून आलात ना? गुजराती ना तुम्ही? मराठी कळतं? चला, बरं झालं. हसताय काय! या समा भागातल्या सोसायटीत पंचवीस वर्षं झोपाळ्यावर बसून मीच सगळं बघतेय — तेही फुकट! लोक म्हणतात, कुसुमावतीबाई असताना कॅमेरा कशाला? पण आमचे सेक्रेटरी सुभानराव ऐकतील तर ना. दारातल्या दुधाच्या पिशव्या चोरीला जातात म्हणे. जातात, पण सातच्या आत परत येतात की ज्याच्या त्याच्या दारात! एखाद्या दिवशी चुकते मी — म्हणजे चुकतं हो कुणाचंतरी.

असं बघू नका. सांगते, पण तुमच्यापाशीच ठेवा हं. समोरचे जगदेवराव — घराणं फौजेतलं, दसऱ्याला यांच्याकडे पन्नास पानं उठायची. आता एकटे. सकाळी उठलं की वाटतं, पाहुणे आलेत, बासुंदी करायचीय — की निघाले सगळ्यांचं दूध गोळा करत! मी जाते, म्हणते, “द्या इकडे, मी आटवते,” आणि गुपचूप एकेक पिशवी परत ठेवून येते. त्यांचा पृथ्वीराज पुण्याला असतो. बाबांची एक जरी तक्रार आली तर वृद्धाश्रमात ठेवीन म्हणालाय.

आता तुम्ही म्हणाल, बाई, तुम्हीपण बघताच की. बघते! पण मी बघतेय हे समोरच्याला दिसतं — मी खोकते, हाक मारते, आणि कुणाच्या घरात वाजलं की मुकाट्यानं तुळशीला पाणी घालायला उठते. तुमच्या या डब्याला मान वळवता येते? सुभानराव चहा पीत चार जणांना दाखवणार, आणि सगळे फिदीफिदी हसणार. जगदेवरावांना कुणी हसलेलं मला नाही खपायचं! सकाळी दारात मी दिसले की काय चेहरा खुलतो हो त्यांचा, मीसुद्धा साडी जरा बरी — जाऊ दे, तुम्हाला काय सांगत बसलेय.

अगंबाई, आलेच! जय श्रीकृष्ण, जगदेवराव! हे ना? हे दिव्याचं काम करताहेत — हो हो, या सावकाश.

भाऊ, शिडीखाली ती हत्यारांची पिशवी तुमची होती का? अंहं, ओरडायचं नाही! पाच मिनिटांत आणून देते. तोवर तुम्ही आपलं तोंड तिकडे करा.