टाकीजवळच्या बाईचा थोरला

बातमीदार : ताई, नुसता बसलोय मी. बाकावर बसायला बंदी आहे का?

शिवणवाली : कोर्टात नुसतं कोण बसतं? आणि ताई नका म्हणू. फोनवर असंच ताई ताई करून माझ्याकडून सगळं काढून घेतलंत. दुसऱ्या दिवशी पेपरात माझ्या पोराचे धिंडवडे.

बातमीदार : नाव कुठे छापलं होतं? लहान मुलाचं नाव आम्ही छापत नाही. कायदाच आहे तसा.

शिवणवाली : हो ना. 'पाण्याच्या टाकीजवळ शिवणकाम करणाऱ्या विधवेचा थोरला.' अहो, टाकीजवळ मशीन चालवणारी मी एकटी. नाव छापलं असतंत, तर त्या नावाच्या दुसऱ्या कुणावर तरी लोकांचा संशय गेला असता.

बातमीदार : हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

शिवणवाली : गल्लीच्या मात्र बरोबर ध्यानात आलं. शाळेनंही वर्गात घेणं थांबवलं.

बातमीदार : आत काय झालं आज?

शिपाई : ओ साहेब, मुलांचं कोर्ट आहे हे. पेपरवाल्यांनी दाराशी चौकशा करायच्या नाहीत.

शिवणवाली : ऐका. नुसते नाही, पाळतीवर बसलायत तुम्ही.

बातमीदार : शिक्षा झाली का, एवढंच सांगा.

शिवणवाली : सुटला. ज्या दुकानातून मोबाइल चोरल्याचा आळ होता, त्या दुकानदाराच्या भाच्याकडेच तो निघाला. का हो, तोंड का पडलं? शिक्षेची बातमी हवी होती?

बातमीदार : तसं नाही हो. शिपाईदादा, निकालाची प्रत मिळेल?

शिपाई : पेपराला नाही. आईला मिळते, पण तीही कुणाला दाखवायची नाही. मुलाची ओळख फुटू नये म्हणून.

शिवणवाली : फुटायची ती फुटली. आता सुटल्याचं तेवढं गुपित ठेवायचं होय? तुम्ही छापा. मी सांगते ना, सुटला.

बातमीदार : संपादक म्हणतील, आई तर असं म्हणणारच. कागद लागतो.

शिवणवाली : चोर म्हणताना कुठला कागद पाहिलात?

बातमीदार : पोलीस म्हणाले होते...

शिवणवाली : मग छापू नका. शाळेत चला. मोठ्या बाईंसमोर उभं राहून सांगा, मी लिहिलं ते चुकीचं होतं.

बातमीदार : मी? आत्ता?

शिवणवाली : माझं कुणी ऐकत नाही, तुमचं ऐकतात. दोन ओळींत पोराला चोर केलंत की.

बातमीदार : ...तो बघा, आला बाहेर. रडतोय.

शिवणवाली : त्याच्याशी बोलायचं नाही. काय ते मला विचारा.

बातमीदार : नाही बोलत. चला, येतो मी.

शिवणवाली : पुढे चाला. पाळत ठेवल्यासारखे माझ्या मागून नको.