भिंतीवरचे दोन पेले

मंडळी, नमस्कार. मंदिराच्या या सभामंडपात एवढी माणसं पाहून तात्या म्हणाले असते, "कुणाचं लगीन हाय?" त्यांच्यासाठी आज सगळी गल्ली आलीय. डेपोतले जुने सोबती आलेत. चुडाव्याहून त्यांची लेक सुनीता आलीय. मला बोला म्हणाले तेव्हा मी दोनदा नाही म्हणालो. पस्तीस वर्षं वर्गात बोललो, पण आज जीभ उचलत नाही. त्याला नुसतं दुःख हे कारण नाही. खरं कारण सांगायलाच उभा राहिलोय.

तात्या एसटीचे ड्रायव्हर, मी शाळामास्तर. दोघंही रिटायर. आमच्या अंगणांमध्ये कमरेएवढी एक भिंत. त्यांच्या द्वारकावहिनी आधी गेल्या, चार वर्षांपूर्वी माझी सुशीला गेली.

तेरावा झाला, पाहुणे गेले. घर इतकं गप्प झालं की फ्रिज चालू झाला तरी मी दचकायचो. ओट्यापाशी उभा राहून पातेल्यातलाच भात खायचो. एका माणसासाठी ताट कशाला खरकटं करायचं? एके दिवशी तात्यांनी खिडकीतून पाहिलं.

"सर, उभ्यानं काऊन जेवायलात? गाडी सुटायली का तुमची?"

मला हसू आलं नाही. मग तेच हळू आवाजात म्हणाले, "जास्त काई करू नका. फकस्त ताट घ्या अन् खाली बसा. आठ दिवस. पुढचं पुढं सांगतो."

मी ताट घेतलं. ताटात नुसता भात बरा दिसेना, म्हणून वरण आलं. मग एक दिवस लिंबाची फोड आली. मंडळी, ती फोड चिरताना मला रडू कोसळलं. कित्येक महिन्यांनी मी स्वतःसाठी काहीतरी चिरलं होतं.

पुढचं म्हणजे चक्कर. गाडी काढायच्या आधी ड्रायव्हर तिच्याभोवती एक चक्कर मारतो. टायर बघतो, खाली तेल सांडलंय का बघतो. तात्या म्हणाले, तशीच रोज सकाळी घराभोवती एक चक्कर मारायची. जास्वंदीला पाणी हाय का बघायचं, अन् आपले गुडघे काय म्हणायलेत ते ऐकायचं. मी हौसेनं पाच चकरा मारल्या तर रागावले. "सर, एकच. लय केलं की सुटतंय." आणि खरंच, एकच होती म्हणून ती कधी सुटली नाही.

आणि मग पेले. तुम्ही सगळ्यांनी येता-जाता पाहिलेत ते. भिंतीवर दोन स्टीलचे पेले. झोपायच्या आधी दोघांनी आपापला पेला उपडा ठेवायचा, सकाळी उठलो की सरळ करायचा. तात्यांचं म्हणणं एवढंच, "एकटा माणूस उठला का न्हाई, हे कुणाला तरी कळाय पायजे." दोन्ही पेल्यांवर आमच्या बायकांची नावं. लग्नाच्या भांड्यांवर घातलेली. तात्या हसायचे, "सर, आपल्या नावाचं घरात एक भांडं न्हाई." आणि सकाळी मला उशीर झाला की भिंतीपलीकडून आवाज यायचा, "आमची द्वारका उठली. सुशीलाबाई झोपायल्यात का अजून?"

दूध घालणाऱ्या कमळाबाईंनाही ते ठाऊक होतं. त्या सातला येतात. आधी भिंतीकडं बघायच्या, मग भांड्यात दूध ओतायच्या. मागं एकदा तात्यांचा पेला उपडा दिसला आणि बाईंनी दार असं बडवलं की निम्मी गल्ली जमली. तात्या टॉवेलवर बाहेर आले. "बाई, आंगोळ करायलो होतो. मेलो न्हाई." आपण सगळे किती हसलो होतो.

आता त्या दिवसाचं सांगतो.

आदल्या संध्याकाळी तात्यांना सर्दी होती. अंग कसकसतंय म्हणाले. सकाळी मी चक्कर मारून आलो, माझा पेला सरळ केला. त्यांचा उपडाच होता. मला वाटलं, झोपू द्यावं. आता कमळाबाई येतील, दार बडवतील, बिचाऱ्याची झोपमोड होईल. म्हणून मी हात लांब केला आणि तात्यांचा पेला सरळ केला.

होय. मी केला.

कमळाबाईंनी तो पाहिला, दारात दूध ठेवलं आणि गेल्या. दुपारी एकला दूध तसंच दिसलं तेव्हा मी किल्ली घेऊन धावलो. त्यांच्या दाराची दुसरी किल्ली माझ्याच घरात खिळ्याला टांगलेली असते. सकाळभर ती तिथंच होती.

दहा दिवस मी गप्प बसलो. कमळाबाई सांगत होत्या, पेला सरळ होता, मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. लोक म्हणाले, बाईला नीट दिसत नाही. कमळाबाई, तुम्हाला नीट दिसलं होतं. मी तुमची माफी मागतो.

आणि सुनीता, बाळा, तू काल माझ्यापाशी रडलीस. म्हणालीस, "काका, पेला सरळ व्हता म्हंजी बाबा उठले व्हते. मंग ते आत एकटेच पडले असतील, हाका मारल्या असतील." तेव्हाच बोलायला हवं होतं. मला धीर झाला नाही. तर आता सगळ्यांसमोर ऐक. बाबा उठले नव्हते. त्यांनी कुणाला हाक मारली नाही. ते पहाटे झोपेतच गेले असं डॉक्टर म्हणाले, ते खरं मान. पेल्यावर जाऊ नकोस, तो माझा हात होता. बाबा एकटे होते ते गेल्यानंतर, सात ते एक. ते सहा तास माझ्यामुळे. त्याचं मला काय करायचं ते अजून कळलेलं नाही.

गेल्या दहा दिवसांत चार वेळा मी परत ओट्यापाशी उभा राहून जेवलो. काल मात्र ताट घेतलं. खाली बसलो. घास उतरला नाही, पण बसलो.

मंडळी, या गल्लीत एकटं राहणारा मी एकटाच नाही. आपल्याला एकमेकांची नावं माहीत आहेत. एवढंच मागतो. उद्यापासून माझा पेला भिंतीवर असेल. सकाळी तो उपडा दिसला तर माझी झोपमोड होईल म्हणून दया करू नका. सरळ करू नका. दार बडवा. मी चिडलो तरी बडवा.

आता दोन मिनिटं आपण उभे राहू या आणि काही न बोलता तात्यांना आठवू या.

तात्या, द्वारकावहिनींचा पेला भिंतीवरच आहे. आज इथं यायच्या आधी मी तो परत उपडा ठेवलाय. माझा नमस्कार घ्या.