माठातला मनीप्लँट

हॅलो?… हॅलो, केया? अगं बोल ना… येतोय, येतोय आवाज. चक्क येतोय! तुमच्या त्या बेटावरून फोन लागला म्हणजे देवच पावला.

हो, आईच बोलतेय. इथे अमेरिकेत, शुगर लँडमध्ये तुझ्यासाठी जीव टांगणीला लावून दुसरं कोण बसणार?… वादळ इकडे आलं होतं, हो. ते सोड, आधी तिकडचं सांग. लाइट आहे का?… काल गेली होती? बघ! आणि पाणी?… छपरावरचं. पाऊस टाकीत सोडायचा आणि तोच प्यायचा! डॉक्टर व्हायला पाठवलंय तुला, पेशंट व्हायला नाही.

अगं ऐक ना… ऐक तर! शुक्रवारचं तिकीट काढलंय. निमूट परत ये. पुढची टर्म-बिर्म काही नाही… हो, हो, माहितीये, दीड वर्ष झालं. पण त्या देशात आहे काय? एक रस्ता, तोही खड्ड्यांत. एक ॲम्ब्युलन्स, ती पंक्चर. पोस्ट ऑफिस दुपारी दोनला झोपतं. माझा लाडवांचा डबा तीन महिन्यांनी पोचला, का, तर कस्टमवाल्याची बायको बाळंत झाली होती! आणि अख्ख्या देशाला वायरमन किती? दोन!

काय?… त्यातला एक काल दार वाजवून गेला? म्हातारी ठीक आहे ना, म्हणून?… कोण, तुझी घरमालकीण? मिस एलोईझ. बरं बरं… आणि सहा तासांत लाइट आली? असेल बाई. नवसाने आली असेल.

आमच्याकडे? आमच्याकडे सगळं मस्त. अमेरिका आहे ही!… कसली टिंग-टिंग? काही नाही गं, गाडीचं दार उघडं आहे… हो, गाडीत बसलेय. अशीच. ड्राइव्हवेवर… हवा खायला… ओरडू नकोस, केया! फोन चार्जिंगला लावलाय. झालं समाधान?… चार दिवस. चार दिवस लाइट नाही… रत्नाकाकूकडे कशी जाऊ, तिच्याकडेही नाही… वीज कंपनीच्या ॲपवर दिसतंय ना, 'क्रू असाइन्ड', माणसं नेमलीत म्हणे. शनिवारपासून असाइन्डच आहे मेला.

बाबा? आत आहेत… त्यांचं इन्शुलिन फ्रिजमध्येच… बंदच ना गं फ्रिज! आता होता नव्हता तो बर्फही वितळला. दुकानात बर्फ नाही, हॉटेलात खोली नाही, फार्मसीला टाळं. घरात पस्तीस डिग्री आहे, केया. ते इन्शुलिन नासलं तर मी काय करू?… नाही रडत. घाम आहे तो.

शेजारी?… नाही, कोणी नाही आलं. अठरा वर्षं झाली, समोरच्यांचं नावही माहीत नाही मला… फोन कोणाला देतेस? नको, केया, मी… हॅलो! येस, येस, केयाज मदर, सुनेत्रा… नो नो, वी आर फाइन… नो. नोबडी केम… क्ले पॉट? विथ वेट क्लॉथ?… युवर इन्शुलिन ऑल्सो? थर्टी इयर्स!… थँक्यू. थँक्यू, मिस एलोईझ.

हां, केया… अगं, माठ सांगताहेत त्या मला! मला, नगरच्या मुलीला! पण ह्या दमट हवेत कितीसं गार होणार?… चार-पाच डिग्री कमी झाल्या तरी चालेल? आणि फार्मसी उघडली की लगेच नवीन आणायचं. बरं, डॉक्टरीणबाई… आहे ना माठ. मांडीवर धरून विमानातून आणला होता. फक्त… त्यात मनीप्लँट लावलाय. शोसाठी… हसू नकोस.

अहो! ऐकलंत का? हॉलमधला मनीप्लँट उपटा!… अख्खा, मुळासकट! माठ धुऊन ठेवा, आलेच मी!

केया… ते शुक्रवारचं तिकीट… राहू दे. शीक तिथेच… हो, मनापासून सांगतेय. पण पाणी मात्र उकळूनच पी हां! त्या छपरावर पक्षी काय काय करत असतील… हॅलो?… केया?… हॅलो?

अहो, लाइन गेली… नाही हो, तिकडची नाही. आपलीच.