पहिला फेरा मालकाचा

(पोहरादेवीची जत्रा, दुपार. आकाशपाळण्याचा मालक इंद्रभान सगळ्यात वरच्या डोलीत बसून संगीताशी फोनवर बोलतो आहे. संगीता खाली तिकिटाच्या खिडकीत, बाजूला इंजिनापाशी दौलतसिंग. फोन स्पीकरवर आहे.)

इंद्रभान: नारळ दाखवला, सगळ्यायले हात जोडले. आता फिरव म्हणा त्या दौलतले. वर काहून टांगून ठेवलं मले?

संगीता: म्याच थांबवलं, मालक. पब्लिकले पाहू द्या ना तुमाले नीट. पहिला फेरा मालकाचा, मालक सुखरूप उतरला की मंग लेकराबाळायनं बसाचं. तुमचीच रीत हाय.

इंद्रभान: पाह्यलं त्यायनं. ऊन लागून राह्यलं मले.

संगीता: डोली डाव्या अंगाले कलली का?

इंद्रभान: हौ, थोडीशी. काहून?

संगीता: तिचा एक बोल्ट म्या उघडला.

इंद्रभान: काय बोलून राह्यली तू?

संगीता: फोनचे बोल्ट हायेत ना तुमचे. पाना नको, माणूस नको, बटन दाबलं की खुलते. साऱ्या जत्रेत सांगत फिरले तुमी. तेच बटन दाबलं.

इंद्रभान: ते माह्या फोनाबिगर चालत नाही.

संगीता: चालते. पवनच्या फोनात तुमीच टाकून देल्तं, कोणता बोल्ट ढिल्ला हाय ते त्याले वर चढल्यावर दिसावं म्हणून. माहा माणूस गेला, त्याचा फोन मले परत भेटला. बोल्टवाला पोऱ्या सांगून गेल्ता, पासवर्ड बदला. तुमी म्हणले, कोन लक्षात ठेवीन. टेम्पोच्या मागं तुमच्या मायचं नाव रंगवलं, तेच हाय अजून. रंगूबाई. अख्ख्या वाशिम जिल्ह्यानं वाचलं ते.

इंद्रभान: दौलत, पाळणा खाली घे. लवकर घे.

दौलतसिंग: घेतो, मालक.

संगीता: दौलतभाऊ, हँडलले हात नका लावू. ती डोली एका अंगानं ढिल्ली झाली. फिरवली तं बाकीचे किती दम धरतीन, ते तुमाले माह्यापेक्षा जास्त समजते.

दौलतसिंग: खरं बोलते ते, मालक. हलू नका. बसल्या जागी बसा.

इंद्रभान: संगीता, ऐक बाई. पवन गेल्यावर तुले कामावर कोनं ठेवलं? म्याच ना? दुसऱ्यानं दारात उभं केलं नसतं. निकिताच्या शाळेचं बी मीच पाहून राह्यलो.

संगीता: निकितानं शाळा सोडली. पोट्टे चिडवतेत तिले, बेवड्याची पोट्टी म्हणून. तुमाले सांगाचंच राहून गेलं.

इंद्रभान: लेकरं काय, काहीबी बोलतेत.

संगीता: लेकरायनं ते कुठून ऐकलं? तुमी सांगितलं पोलिसायले, पवन पिऊन वर चढला अन् पडला. शिरपूरच्या जत्रेत, पाळणा उतरवताना. त्यानं कधी थेंब घेतला नाही, मालक. आता कसं झालं ते सांगा.

इंद्रभान: तसंच झालं. वास येत होता त्याचा. सगळ्यायले आला.

संगीता: बरं.

इंद्रभान: काय केलं तू? अवो, काय केलं? डोली हालली.

संगीता: दुसरा उघडला. डाव्या अंगाचे सरले. आता उजवेच राह्यले.

इंद्रभान: जेलात सडशीन तू. पोरगी रस्त्यावर येईन तुही.

संगीता: तिले सकाळीच रिसोडले माह्या मायपाशी सोडून आली. कपडे, पुस्तकं, सगळं देऊन आली. तुमचा नारळ पडला का?

इंद्रभान: हौ. हातातून सुटला.

संगीता: ऐकला म्या आवाज. पवन पडला तवा मी घरी होती. माणूस इतक्या वरून पडल्यावर कसा आवाज येते, रोज इचार करत होती. नारळाचा तं लहानच आला.

इंद्रभान: सांगतो. सांगतो, पण हात दूर ठेव त्या फोनापासून. पुढच्या जत्रेले जायची घाई होती. उशीर झाला असता तं जागा दुसऱ्या पाळण्यावाल्यानं धरली असती. म्या टेम्पोत बसल्या बसल्या सगळ्या बोल्टायचं बटन दाबलं.

संगीता: पवन वर होता.

इंद्रभान: मले वाटलं, उतरला असीन.

संगीता: हाक मारली होती?

इंद्रभान: नाही.

संगीता: मान वर करून पाह्यलं होतं?

इंद्रभान: नाही पाह्यलं, माय. नाही पाह्यलं.

संगीता: अन् दारू?

इंद्रभान: ते दौलतनं केलं.

दौलतसिंग: मालक, बाटली तुमी देल्ली माह्या हातात. म्हणे ओत त्याच्या अंगावर, तोंडात बी ओत, नाहीतं आपला पाळणा कायमचा बंद होते. म्या ओतली, वहिनी. तवा तो जित्ता होता. पानी मागत होता.

संगीता: पानी मागत होता?

दौलतसिंग: हौ.

संगीता: अन् तुमी त्याच्या तोंडात दारू ओतली.

दौलतसिंग: हौ, वहिनी.

संगीता: हे मले माहीत नव्हतं.

इंद्रभान: झालं ना आता? सगळं सांगितलं ना तुले?

संगीता: मले एकटीले नाही, मालक. फोन म्या मघापासून माईकपाशी धरला. भोंग्यावर गेलं सगळं. खाली पाहा, सारे मान वर करून तुमालेच पाहून राह्यले.

इंद्रभान: ऐकलं तं ऐकलं. पोलिसायले बी सांगतो, लिहून देतो, जे म्हणशीन ते करतो. फक्त ते बोल्ट लाव आता.

संगीता: ते फोननं लागत नाहीत.

इंद्रभान: लागत नाहीत म्हणजे?

संगीता: फोननं निस्ते उघडतेत. घट्ट कसाले माणूस वर चढा लागते, पाना घेऊन. तुमीच घेतले ना ते?

इंद्रभान: दौलत, चढ बाबा. तुह्या पाया पडतो. इतके वर्ष माह्या घरचं खाल्लं तू.

दौलतसिंग: फोन तिच्या हातात हाय, मालक. मी नाही चढत.

इंद्रभान: मंग दुसऱ्या कोनाले धाडा. अरे, इतके लोक उभे हायेत, कोनी तरी चढा. उजव्या अंगाले करकर वाजून राह्यलं. संगीता, ऐकतं ना? कोनाले तरी धाड वर.

संगीता: पवनले हाक मारा, मालक. तो तुमाले कधी नाही म्हणत नव्हता.