राजूर घाटातलं एक चाक

मोताळ्याच्या स्टँडवर माझ्या मागच्या बाकावर एक बाई भाचीला सांगत होती.

"अश्विनी, आज राजूर घाटात सईदभाईची मलिहा एकाच चाकाच्या सायकलवर उतरताना पाह्यली."

"एकाच? पायडल मारत?"

"नाही वं. पाय थांबलेले अन् चाक आपलं गरगर फिरून राह्यलं."

"फ्रीव्हील असंन, मावशी. तोल कसा धरते पण?"

"एक हात सीटखालच्या ब्रेकवर, दुसरा हवेत, पाखरावानी. आमची बस तिच्या मांगं हळूहळू. ड्रायव्हरनं हॉर्न बी वाजवला नाही."

"अन् वळणावर?"

"तिथंच खालून ट्रक आला. मले वाटलं, गेली पोरगी दरीत! तिनं ब्रेक इतका हळू दाबला का चाक मुंगीच्या चालीनं सरकलं. ट्रक गेला, अन् ती पुन्हा सुटली."

"बाप रे! सईदभाई कुठं होते?"

"घाटाच्या पायथ्याशी, इकडं पाठ करून; पाहवत नसंन त्याईले. पोरीनं खांद्यावर हात ठेवला, तवा वळले."

"मंग काय केलं?"

"खाली बसून चाकापाशी ब्रेकले हात लावला. चांगलाच तापला होता तो. चटका बसला, तरी हात काढला नाही त्याईनं."