दात काढणे

बाप हा मुलांचा आधारस्तंभ असतो. दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारच्या खुर्चीतला आधारस्तंभ घामाने भिजला होता. सोबत शाळकरी लेक होती.

“बाबा, डॉक्टर म्हणाले, माझा सुळा बाहेर काढायचा. म्हणजे उपटणार?”

“नाही गं राणी. तो हिरडीत आडवा अडकलाय. त्याला इवलीशी साखळी लावून हळूहळू जागेवर ओढून आणायचं.”

“दुखेल?”

“छे! हिरडी बधिर करतात.”

“मग तुझा हात का थरथरतोय?”

“पंखा जोरात आहे.”

“पंखा बंद आहे, बाबा.”

“उगाच दात काढू नकोस!”

“मी कुठे? डॉक्टर काढणारेत. बरं, माझा हात धर. घट्ट. मी आहे ना.”

आतून नर्स आली.

“चला, आज फक्त एक्स-रे काढायचाय.”